गावच्या वाचनालयासमोर रंगवलेल्या फळ्यांची लाकडी चौकट: वादळात पडली, यंदा पावसाळ्याआधी पक्की उभी करायची आहे

धुऱ्यावरची (मार्च)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव वणी आणि वरोऱ्याच्या मधल्या पट्ट्यात, वर्धा नदीच्या काठी. काळी जमीन, कापूस-सोयाबीनचा मुलूख. वाचनालयाच्या अंगणात आमच्या बचत गटातल्या बायांनी रंगवलेल्या चार फळ्या होत्या, प्रत्येक ४ फूट बाय ४ फूट. एकीवर पोळ्याच्या तोरणाखालची बैलजोडी, दुसरीवर कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया, तिसरीवर ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसलेले भुलाबाई-भुलोजी आणि चौथीवर नदीचा डोह, त्यात डोंगा. यातल्या बहुतेक बायांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात ब्रश धरला होता. येणारीजाणारी माणसं सायकल थांबवून बघायची.

दीड-पावणेदोन वर्षं टिकल्या. मागच्या मिरगाच्या तोंडावर वादळ आलं आणि सगळं आडवं झालं. दुसऱ्या दिवशी चौकट सोडवायला बसलो तर तीन गोष्टी दिसल्या. खालच्या पट्टीला खाच पाडून त्यात प्लाय बसवला होता. त्या खाचेत चिखल साचलेला आणि प्लायची खालची कड पोळीच्या पदरांसारखी सुटलेली. खांब ३ इंची निलगिरीचे, सिमेंटात गाडलेले. ते बरोबर जमिनीलगत मोडले. मोडलेलं टोक बोटानं कुसकरलं तर हातात भुसाच आला, पण त्याच खांबाचा दोन फूट खाली गाडलेला भाग टणक निघाला. आणि भुलाबाईचं गुलाबी लुगडं वादळाच्या कितीतरी आधी उन्हानं उडून गेलं होतं. तिच्याशेजारचा गेरूचा रंग मात्र जसाच्या तसा.

आता सासऱ्यांचं जुनं घर उतरवलं, त्यातली सागाची पाच म्यालं (छताच्या तुळया) माझ्याकडे आहेत. बाया पुन्हा रंगवायला तयार आहेत, पण त्यांची मेहनत पुन्हा पाण्यात जाऊ द्यायची नाही. खांब कसे रोवायचे, फळ्या कशा अडकवायच्या, रंग कोणता वापरायचा, सगळंच सांगा.

---

रंधा_पटाशी

ताई, आधी म्यालांबद्दल. घरात पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान आज विकत घेऊ म्हटलं तरी मिळत नाही. माझे वडील वाढई, म्हणजे सुतार, आम्ही अजून तान्ह्या पोळ्याचे नंदी बनवतो. ते म्हणतात, "लाकूड काई मेलं नाई बाई. थे पानी पेते अन् फुगते, उनात सुकते अन् आकसते. त्याले जागा देजा." हे हिशेबानंही पटतं. उन्हाळ्यात सुकलेली ४ इंच रुंदीची सागाची पट्टी श्रावणात सुमारे दीड मिलिमीटर फुगते. साग कमी हलणारा म्हणून एवढंच, आंबा-निलगिरी याहून जास्त. तुमची फळी चारही बाजूंनी घट्ट आवळली होती. तिनं जायचं कुठं?

म्यालं करवतीला देण्याआधी एकेक खिळा शोधून काढा, नाही तर मशीनवाल्याचं पातं जाईल. आणि कडेचं पांढरं लाकूड काढून टाकायला सांगा. साग म्हटलं की लोक समजतात वाळवी लागत नाही. ते गाभ्यापुरतं खरं आहे, पांढरी कड उधई आवडीनं खाते.

---

ओळंबा

मी अमरावतीला इमारतींचे आराखडे करतो. सगळे लाकडाकडे बघतात, पण तुमची चौकट पाडली वाऱ्यानं, म्हणून तेवढा हिशेब मांडतो.

आयएस ८७५ या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरलेला आहे. त्या वेगाला दाब होतो चौरस मीटरला जवळपास ११८ किलो. तुमच्या शेजारशेजारच्या दोन फळ्या मिळून ३ चौरस मीटर भरतात, म्हणजे एका जोडीवर ३५० किलोचा धक्का. तोही जमिनीपासून साडेचार फुटांवर, त्यामुळे खांबाच्या बुडाशी पहारीनं उपटल्यासारखा जोर येतो. तिथेच लाकूड कुजलेलं होतं, तिथेच मोडलं.

खांब ४ इंची घ्या. एक इंचानं काय होतं असं वाटेल, पण वाकण्याला विरोध जाडीच्या घनानं वाढतो. ३ इंची चौकोनी खांबापेक्षा ४ इंची खांब २.३७ पट जोर सोसतो.

दुसरं, चारही फळ्या एका ओळीत लावू नका. दोन-दोनचे दोन हात करा आणि काटकोनात जोडा. कोपऱ्याचा खांब सामाईक, म्हणजे पाच खांबांत काम होईल आणि एक हात दुसऱ्याला धरून ठेवेल. दोन्ही हातांच्या मधल्या खांबाला मागून तिरपा धिरा द्या, कारण हाताचा निम्मा भार मधल्यावर येतो.

---

मेळघाटी

जमिनीलगत कुजतं आणि खोल टणक राहतं, हे तुम्ही अगदी बरोबर टिपलं. कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोलवर हवा नाही, वर ओल टिकत नाही. जमिनीच्या रेषेवर दोन्ही भरपूर.

आमच्याकडे धारणी-चिखलदऱ्याला कोरकू लोक गेलेल्या माणसाच्या नावानं सागाची कोरीव फळी उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. वर सूर्य, चंद्र, खाली घोडेस्वार. झाडाखाली उभे असलेले जुने मुंडे मी जवळून पाहिलेत. वरची नक्षी स्पष्ट, लाकूड पावसानं राखाडी झालेलं, पण आत गच्च. झिजलेलं काय ते पायथ्याशी. रंग नाही, वार्निश नाही, तरी टिकतात, कारण गाभ्याचं लाकूड आहे आणि त्यावर पाणी थांबायला कुठे जागाच नाही. कोरलेल्या खाचासुद्धा पाणी निथळेल अशा. तुमच्या चौकटीत पाणी कुठे थांबतं ते एकदा बादलीभर पाणी ओतून बघा.

---

धुऱ्यावरची

वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं, इतकं मनापासून लिहिताय सगळे. मेळघाटी, तुम्ही म्हणालात तसं जुन्या चौकटीचा उरलेला तुकडा आडवा ठेवून त्यावर तांब्यानं पाणी टाकलं. खाचेतलं पाणी संध्याकाळपर्यंत तिथंच होतं.

खांबाबद्दल विचारते. सिमेंटात गाडायचे नाहीत तर उभे कसे करायचे? गावात एक जण म्हणतो बुडाला जळकं ऑइल आणि डांबर लाव, एक जण म्हणतो बूड भाजून काळं कर.

---

ओळंबा

जळकं ऑइल नको. ते विहिरीच्या गावात जमिनीत मुरू देणं वाईट, आणि खांबावर चढलं की त्यावर पुढे कुठलाच रंग धरत नाही. भाजून काळं केल्यानं वरच्या वर थोडा फरक पडतो, भेग पडली की आत ओल जातेच. सिमेंटात गाडलं की लाकूड आकसतं, भोवती केसाएवढी फट पडते आणि पाणी त्या पेल्यात उतरून बसतं.

लाकूड जमिनीला लागूच देऊ नका. प्रत्येक खांबासाठी ४ इंच रुंद, ८ मिलिमीटर जाड लोखंडी पट्ट्यांची जोडी घ्या. त्या काँक्रीटमध्ये रोवायच्या, वर दीड फूट निघतील एवढ्या. खांब दोन पट्ट्यांच्या मधे, त्याचं बूड काँक्रीटपासून ३ इंच वर, आणि आरपार १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट, एकमेकांपासून फूटभर अंतरावर. पट्ट्या खांबाच्या डाव्या-उजव्या बाजूला यायला हव्यात, म्हणजे वाऱ्याकडे पट्टीची कड येईल. पुढे-मागे लावल्या तर वारा पट्टीच्या पाटावर येईल आणि ती पत्र्यासारखी वाकेल. वेल्डिंगवाल्याला हे कागदावर काढून द्या, तोंडी सांगू नका.

आणि काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून पायाला वर उचलणारी. मुरूम लागेपर्यंत खणा. काँक्रीटभोवती चार-सहा इंच मुरूम किंवा रेती भरा, म्हणजे फुगणारी माती काँक्रीटला पकडून ओढणार नाही. वरचं तोंड चारही बाजूंना उतरतं करा.

---

पडदेवाला_वडसा

ताई, मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशात आम्हाला जेवायला फुरसत नसते. राजवाडा, जंगल, झोपडी, रस्ता, सगळे पडदे हातानं रंगवतो. आमचे पडदे रात्रीच्या उजेडात आणि मंडपात असतात, त्यांना ऊन लागत नाही. पण मधल्या काळात मी दुकानांच्या पाट्याही रंगवल्या आहेत, त्यामुळे ऊन कोणता रंग खातं ते पाठ आहे.

गेरू टिकला कारण ती माती आहे, लोखंडाचा गंज. त्याला ऊन काय करणार? रामरज, म्हणजे पिवळी माती, तीही तशीच. काजळीचा काळा उडत नाही. पांढरा टिकतो. गुलाबी, राणी, जांभळा आणि चकचकीत केशरी सगळ्यात आधी जातात, कारण त्यांचं रंगद्रव्य नाजूक असतं. भुलाबाईचं लुगडं गुलाबीच हवं असेल तर खाली गेरूच्या लालात पांढरा मिसळून विटकरी गुलाबी द्या, वर हवा तो गुलाबी पातळ हातानं. वरचा उडाला तरी लुगडं पांढरं पडणार नाही आणि दोन वर्षांनी पुन्हा वरचाच हात मारता येईल.

घरात वापरतात तो डिस्टेंपर नका घेऊ. बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्या. ऑइल पेंट दिसतो सुंदर, पण आपल्याकडच्या उन्हात कडक होतो, आणि खाली लाकूड हललं की त्याला तडे जातात. अ‍ॅक्रिलिक थोडा ताणला जातो. आणि एक चूक मी स्वतः केली आहे: एका पाटीची फक्त समोरची बाजू रंगवली, मागची कोरी ठेवली. श्रावणात ती पापडासारखी वळली. मागची बाजू पुढच्याइतक्याच हातांनी रंगवा.

---

रंधा_पटाशी

पडदेवाले भाऊंनी मागच्या बाजूचं सांगितलं ते लाख मोलाचं. प्लायबद्दल: दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणून काहीही देतो. शीटवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लाय. ८ बाय ४ च्या एका शीटमधून तुमच्या दोन फळ्या निघतात. करवतीच्या पात्यात दोन-तीन मिलिमीटर जातात म्हणून चौकटीचं माप फळ्या कापून झाल्यावर घ्या.

प्लाय पाणी पितो तो कडेतून. चारही कडा घासून त्यांना प्रायमरचे तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. स्क्रूचं प्रत्येक भोकही आतून रंगवा.

खाच पाडूच नका. चौकटीच्या आत मागच्या बाजूनं दीड इंची पट्ट्या ठोका आणि फळी त्यावर समोरून स्क्रूनं टांगा. वरचे स्क्रू घट्ट, बाजूचे आणि खालचे थोड्या मोठ्या भोकातून वायसर घालून, हातानं आवळलेले. चारही बाजूंना ४ मिलिमीटर फट. खालच्या पट्टीचा माथा रंध्यानं पुढे उतरता करा, त्यावर फळी टेकू देऊ नका. स्क्रू स्टेनलेसचे, ३०४ लिहिलेले. साध्या लोखंडी खिळ्याभोवती सागावर काळे ओघळ येतात, ते पुन्हा निघत नाहीत.

सांधे कुसू (पट्टीच्या टोकाची जीभ) काढून भोकात बसवा, वरून लाकडी खुंटी. आणि सागाला मुळातच तेलकटपणा असतो, रंग धरत नाही. प्रायमर मारायच्या अगदी आधी थिनरच्या फडक्यानं पुसा, उद्यासाठी ठेवू नका.

---

कवेलू

चौकटीवर छप्पर हवंच. मला वाटतं वर कवेलू (कौलं) घालावेत, जुन्या घराचे असतीलच. दिसतील किती छान!

---

धुऱ्यावरची

कवेलू आहेत हो, दोनशे तरी निघाले. पण आमच्याकडे वानरांची टोळी रोज वाचनालयावरून जाते. शाळेचे कवेलू त्यांनी दरवर्षी फोडून शेवटी टिना टाकाव्या लागल्या.

---

कवेलू

मग टिनाच घ्या. पण पुढे फूटभर, मागे त्याहून जास्त काढा, आणि हुक-बोल्टनं पक्क्या करा. छपराच्या खालच्या पट्टीला पुढून एक बारीक खाच काढा, छज्ज्याखाली मिस्त्री काढतो तशी, म्हणजे पाणी पट्टीच्या पोटावरून सरकत फळीवर न येता तिथेच तुटून खाली पडेल.

---

ओळंबा

दिशा राहिली. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून. तेव्हा काटकोनाचा कोपरा नैर्ऋत्येला ठेवा. एक हात दक्षिणेच्या कडेला, तोंड उत्तरेकडे. दुसरा पश्चिमेच्या कडेला, तोंड पूर्वेकडे. पावसाला पाठ मिळेल आणि बघणारा माणूस मधे कुशीत उभा राहील.

उत्तरेकडे तोंड असलेल्या फळीला वर्षभरात सगळ्यात कमी ऊन लागतं. फक्त २१ मेच्या आसपास तुमच्याकडे दुपारचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि तिथून २२ जुलैच्या आसपासपर्यंत तो किंचित उत्तरेला असतो. तेवढ्यासाठी पुढचं फूटभर छप्पर पुरेसं आहे. भुलाबाई आणि बैलजोडी उत्तरेकडे, मातीच्या रंगांच्या दोन फळ्या पूर्वेकडे.

---

परदेशी_वऱ्हाडी

मी मूळचा अकोटचा. ओहायोत राहतो. इथे शेतातल्या मोठ्या कोठारांवर गोधडीच्या नक्षीच्या रंगीत फळ्या लावतात. २००१ साली अ‍ॅडम्स काउंटीत डोना सू ग्रोव्ज या बाईंनी आपल्या गोधड्या शिवणाऱ्या आईच्या मानासाठी ही कल्पना मांडली आणि आता गावागावांतून त्या फळ्या बघत फिरायचे रस्ते झाले आहेत. तुमचा धागा वाचून आईच्या गोधडीतले लुगड्यांचे तुकडे आठवले. पाचवी फळी कधी केलीत तर एखादी गोधडी काढा, ताई.

---

मेळघाटी

एक सावधगिरी. चौकटीला जवसाचं तेल देणार असाल, आपल्याकडे ते सहज मिळतं, तर कच्चं नको. कच्चं लवकर वाळत नाही आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. उकळलेलं, म्हणजे रंगाच्या दुकानातलं घ्या, पातळ हात द्या, पुसून काढा. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. मे महिन्यात तर नक्कीच नाही. दोरीवर एकेक पसरून वाळवा.

आणखी कोणी हा धागा वाचून शेतातला साग तोडायला निघेल म्हणून: १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या मालकीचा साग तोडायलाही परवानगी लागते, आणि वाहतुकीचा पास वेगळा.

---

धुऱ्यावरची (जून)

उभी झाली!

खड्ड्यांना पावणेचार फुटांवर मुरूम लागला. वेल्डिंगवाल्यानं कागद समोर असूनही पहिल्या जोडीला पट्ट्या पुढे-मागे लावल्या होत्या. ओळंबा भाऊंनी बजावलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. त्यानं बिनातक्रार बदलून दिल्या. पाच म्यालांतून पाच खांब, आडव्या पट्ट्या आणि दोन धिरे निघाले. वाढईदादा पटाशीनं भोक पाडत होते तेव्हा साठ वर्षांच्या लाकडातून ताज्या सागाचा वास सुटला, त्या वासानं सासूबाई ओट्यावरून उठून आल्या. खांबाला हात लावून त्या म्हणाल्या, "हे माह्या सैपाकघरातलं म्याल. याच्याच कडीले पाळना टांगला होता." कडीचं भोक त्या खांबावर अजून आहे. बुजवू दिलं नाही त्यांनी. फक्त आतून तेल भरलं.

बायांनी रंग गावातच खलून घेतले, गुलाबीखाली विटकरी हात दिला. चाळीस-बेचाळीस अंशांत रंग ब्रशवरच वाळायचा, म्हणून पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी, असे अकरा दिवस लागले.

---

धुऱ्यावरची (ऑक्टोबर)

पावसाळा संपला, म्हणून कळवते. जुलैत दोन वादळं झाली, त्यातल्या दुसऱ्यानं आमच्या गोठ्याचे पत्रे नेले. चौकट हलली नाही. मी ओळंबा लावून पाहिला, पाचही खांब जिथल्या तिथे. झडीच्या पाच दिवसांत भर पावसात जाऊन फळ्यांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवलं, ओल होती पण पाणी थांबलेलं कुठेच नव्हतं. फटी मात्र निम्म्यानं भरल्या होत्या, आता पुन्हा मोकळ्या होताहेत.

एकच ठिकाणी चुकलं. डोहाच्या फळीत उजवीकडे खाली एका स्क्रूच्या भोकाला आतून रंग द्यायचा राहिला होता. तिथं रुपयाएवढा भाग फुगला आहे. स्क्रू काढून ठेवला आहे, भोक उन्हात वाळतंय. दिवाळीच्या आधी त्यात तीन हात देऊन पुन्हा बसवीन.

कोजागिरीला पोरींनी यंदा भुलाबाईची गाणी चौकटीच्या कुशीत बसून म्हटली. टॉर्चच्या उजेडात लुगडं गुलाबीच दिसत होतं.